तोंड तपासलं, पुढे काय? कर्करोग तपासणी आणि सवयींच्या सल्ल्याचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हा तर डॉक्टरांचा विषय, इतिहासाच्या माणसाचं इथे काय काम? मलाही आधी तसंच वाटत होतं. मी या विषयाकडे वळलो तो माझ्या मावशीमुळे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

मावशी मशेरी लावायची. सकाळी उठलं की पहिलं काम ते. दुपारी जेवण झाल्यावर एकदा, आणि रात्री भांडी आवरल्यावर पुन्हा एकदा. एका वर्षी गावात तपासणी शिबिर झालं. मंडप, रांग, नाव नोंदवणं, सगळं व्यवस्थित. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं, 'काही नाही' म्हणाले आणि पुढच्या बाईला बोलावलं. मावशी घरी आली ती खुशीत. त्यानंतर कुणी मशेरीबद्दल बोललं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं: 'मोठ्या डॉक्टरांनी तोंड बघितलंय माझं. काही नाही म्हणाले.' चार वर्षांनी गालाच्या आत चट्टा आला आणि तो साधा नव्हता.

आता, त्या डॉक्टरांचं निदान चुकलं होतं का? नाही. त्या दिवशी खरंच काही नव्हतं. पण मावशी त्यांच्यासमोर तोंड उघडून बसली होती, तिच्या दातांवर मशेरीचा काळा थर होता, आणि त्या दोन मिनिटांत त्याबद्दल एक शब्दही निघाला नाही. आयुष्यात कधी नव्हे ती ती ऐकायच्या तयारीत होती. ती वेळ निघून गेली.

तर आजचा प्रश्न हा. कर्करोगाच्या तपासणीला माणसाला आपण बोलावतो, तेव्हा त्याच्या राहणीबद्दल, म्हणजे तंबाखू, दारू, वजन, चालणं-फिरणं याबद्दल बोलायचं की नाही? बोलायचं तर कुणी आणि कसं? या प्रश्नाला आपल्याच देशात, आणि बऱ्याच अंशी आपल्याच महाराष्ट्रात, साठएक वर्षांचा इतिहास आहे. तो फारसा सांगितला जात नाही.

सवयीला सुरुवात असते

पहिली गोष्ट. आपण म्हणतो, 'तंबाखू काय, पूर्वापार चालत आलीय.' पूर्वापार वगैरे काही नाही. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता, तिथे त्याला तंबाखू दिसली, आणि १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती दरबारात नेऊन बादशहापुढे ठेवली. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे दख्खनमधून तंबाखू उत्तरेत गेली, त्याला जेमतेम सव्वाचारशे वर्षं झाली. विड्याचं पान आणि सुपारी फार जुनी, पण त्या विड्यात तंबाखू नंतर आली. हे मी मुद्दाम सांगतोय. जिला सुरुवात असते तिला शेवटही असू शकतो, एवढं तरी इतिहास आपल्याला देतो.

या सवयींचा कर्करोगाशी संबंध आहे हे लक्षात यायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. १९३३ साली ऑर नावाच्या डॉक्टरांनी त्रावणकोरमधल्या पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगावर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. १९४१ मध्ये मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली सूर्याबाई यांच्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषयच असा होता की लोकांच्या रीतिरिवाजांशी कर्करोगाचा काय संबंध असतो. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट धोतर नेसणाऱ्यांना नेमक्या त्या ओळीवर त्वचेचा कर्करोग होतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

इथे जरा थांबा. धोतराचा कर्करोग! हा रोग आकाशातून पडत नाही, नशिबातही लिहिलेला नसतो. आपण कसे नेसतो, काय चघळतो, कशी चूल पेटवतो, यातून तो येऊ शकतो. आज हे साधं वाटतं. त्या काळात हे नवीन होतं.

पुणे जिल्ह्यातली एक लाख तोंडं

पुढचं पाऊल दंतवैद्यांनी टाकलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे जिथे अणू आणि गणित यांचं संशोधन चाले त्या टीआयएफआरमध्ये, दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. फली मेहता. त्यांच्याबरोबर कोपनहेगनचे प्राध्यापक येन्स पिंडबोर्ग आणि संख्याशास्त्राच्या बाजूने डॉ. प्रकाश गुप्ता. या मंडळींनी ठरवलं की रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांवरून अंदाज बांधायचा नाही. गावात जायचं, घरोघर जायचं आणि धडधाकट माणसांची तोंडं तपासायची.

१९६९ मध्ये त्यांनी पाच जिल्ह्यांतल्या ५०,९१५ गावकऱ्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. मग १९७२ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातला, १,०१,७६१ गावकऱ्यांचा. एक लाखाहून जास्त तोंडं, एकेक करून पाहिलेली! त्या पाहणीत दिसलं की पुणे जिल्ह्याच्या गावांमध्ये जवळजवळ निम्म्या बायका तंबाखू वापरतात, आणि ती बहुतेक मशेरीच्या रूपात.

शहरातल्या तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, मग ती कुटून केलेली पूड. बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. नाव दात घासण्याचं, पण हळूहळू ती दिवसातून चार-पाचदा लागते. बायका का लावत? दात दुखतो म्हणून, पोट साफ होतं म्हणून, भूक मारते म्हणून. शेवटचं कारण नीट ऐका. ज्या बाईला घरात सगळ्यांत शेवटी आणि उरेल तेवढंच जेवायला मिळतं, तिला भूक मारणारी वस्तू सोडायला सांगणं म्हणजे काय, याचा विचार सल्ला देणाऱ्याने आधी करायला हवा. माझ्या मावशीने पहिल्यांदा मशेरी लावली ती बारा-तेरा वर्षांची असताना, दाढ दुखते म्हणून. दिली कुणी? तिच्या सासूने.

पाहणीकडून सल्ल्याकडे: १९७७

आता या गोष्टीतलं महत्त्वाचं वळण. १९६६ पासून दहाएक वर्षं या मंडळींनी काही हजार माणसांचा पाठपुरावा केला. कुणाच्या तोंडात पांढरा चट्टा आला, कुणाचा गेला, कुणाला कर्करोग झाला, याची नोंद ठेवली. सवय सोडवण्याचा आखलेला प्रयत्न त्यात नव्हता. पाहणं एवढंच काम. आणि त्यातून एक गोष्ट पक्की झाली: तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा आधी चट्ट्याच्या रूपात खूण दाखवतो, आणि ज्यांना तंबाखूची सवय आहे त्यांच्यातच तो होतो.

मग प्रश्न उभा राहिला. एवढं कळल्यावर नुसतं बघत बसायचं का?

१९७७ साली त्यांनी नवा अभ्यास सुरू केला. केरळात एर्नाकुलम, आंध्रात श्रीकाकुलम, गुजरातेत भावनगर, या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणारी सुमारे ३६,००० माणसं निवडली. दरवर्षी त्यांचं तोंड तपासायचं, आणि तपासतानाच तंबाखूबद्दल बोलायचं. तिन्ही जिल्हे मुद्दाम वेगवेगळे होते. एर्नाकुलममध्ये लोक पान-तंबाखू खात आणि विडी ओढत. भावनगरकडे विडी आणि मातीची चिलीम. श्रीकाकुलममध्ये तर चुट्टा, आणि तोही उलटा: जळतं टोक तोंडात धरून ओढायचा. हे करणाऱ्यांत बायका फार. त्यामुळे तिथे टाळूचा कर्करोग जास्त.

सल्ला सगळीकडे एकाच साच्याचा नव्हता. माणसाशी समोरासमोर बोलणं हा गाभा, त्याला जोड चित्रपटांची, भित्तीपत्रकांची, नभोवाणीची. आणि तुलना कुणाशी केली? इथे त्यांचं शहाणपण दिसतं. आजूबाजूच्या काही गावांना सल्ला द्यायचाच नाही आणि त्यांना काय होतं ते बघायचं, असं त्यांनी केलं नाही. आधीच्या दहा वर्षांत ज्यांची नोंद ठेवली होती, त्यांच्याशीच तुलना केली. कुणाला आजच्या सल्ल्यापासून मुद्दाम वंचित ठेवायची गरज उरली नाही.

पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तंबाखू पूर्ण सोडणारे थोडे होते, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण आधीच्या गटापेक्षा ते स्पष्टपणे जास्त होते, आणि कमी करणारे आणखी जास्त. त्याचा परिणाम तोंडात दिसला. एर्नाकुलममध्ये नवे पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण ठळकपणे खाली आलं. पुढच्या वर्षांत ज्यांनी सवय सोडली त्यांच्यात तर ते फारच कमी आढळलं.

हे का जमलं? मला तीन कारणं दिसतात. एक, तोंड हा असा अवयव आहे की त्याचा मालक आरशात बघून स्वतः खात्री करू शकतो. 'हा बघा चट्टा' म्हटल्यावर वाद संपतो. सहा महिन्यांनी तो फिका झाला, तर त्याहून मोठं प्रोत्साहन कोणतं? दोन, माणसं पुन्हा पुन्हा येत होती. एका भेटीत कुणी व्यसन सोडत नाही, पण 'पुढच्या वर्षी ते परत येणार' हे माहीत असलं की मनात काहीतरी हलतं. आणि तीन, बोलणारा आणि तपासणारा एकच होता. ज्याने तोंड पाहिलं त्यानेच सांगितलं.

बार्शीचा अनुभव

आता आपल्या घरी या, बार्शीला. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने ही त्यामागची माणसं.

मुंबईत १९६३ पासून नोंदणी होती, पण तिथे रुग्णालयांत जाऊन कागद पाहिले की काम भागायचं. बार्शीच्या गावात कर्करोग झालेला माणूस रुग्णालयात जाईलच असं नाही. घरातल्या घरात माणूस जायचा आणि कुठल्याच कागदावर त्याचं नाव नसायचं. म्हणून या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरायला सुरुवात केली. बैठका घ्यायच्या, लक्षणं सांगायची. अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर रक्त जाणं, तोंडातली न भरणारी जखम, छातीतली गाठ. 'असं कुणाला असेल तर आम्हाला सांगा.' हेतू नोंद करण्याचा होता.

आणि घडलं काय? काही वर्षांनी आकडे तपासले तेव्हा लक्षात आलं की या भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर उपचाराला येत आहेत. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्या जास्त काळ जगल्याचंही दिसलं. लक्षात घ्या, कुठलंही यंत्र नव्हतं, कुठली चाचणी नव्हती. गावातल्या ओट्यावर बसून नीट बोलणं, एवढंच होतं. बायकांनी ते ऐकलं, मनात ठेवलं आणि वेळ आल्यावर वापरलं.

'लोकांना सांगून काही उपयोग नाही, त्यांना कळत नाही' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला बार्शी आठवते.

चाचणी पुढे गेली, बोलणं मागे पडलं

दरम्यान जगात तपासणीचं शास्त्र वेगळ्या वाटेने वाढलं. गर्भाशयमुखासाठी पॅप चाचणी आली, मग स्तनासाठी मॅमोग्राफी. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विल्सन आणि युंगनर यांचे दहा निकष प्रसिद्ध केले. कुठल्या रोगाची सामूहिक तपासणी करावी, केव्हा करावी, हे ठरवणारे. आजही ते अभ्यासले जातात. फार उत्तम निकष आहेत. पण त्यांत रोग आहे, चाचणी आहे, उपचार आहेत, खर्च आहे. समोर आलेल्या माणसाच्या सवयींबद्दल काय करायचं, यावर त्यांत एकही कलम नाही.

ते स्वाभाविकही होतं. नमुना काचेवर घेतला, प्रयोगशाळेत गेला. बाई घरी गेली. पंधरा दिवसांनी पत्र आलं: 'सर्व ठीक आहे.' ज्याने नमुना पाहिला त्याने बाईला पाहिलंच नाही. मग बोलणार कोण आणि कधी?

आपल्याकडच्या दोन मोठ्या अभ्यासांनी यातली काही दरी बुजवली. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका केलं. त्या व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून गर्भाशयाचं मुख डोळ्यांनी तपासत, स्तनांचीही हाताने तपासणी करत. दर दोन वर्षांनी, असे चार वेळा. बारा वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी दिसले. बार्शीच्या मंडळींनी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. विषाणूच्या एकाच चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली त्यातून पुढे आलं.

या अभ्यासांवर वादही झाला, तो लपवायचं कारण नाही. ज्या बायकांना तुलनेसाठी ठेवलं, त्यांना तपासणी दिली नाही, आरोग्यशिक्षण दिलं. हे योग्य होतं का, यावर देशात आणि परदेशात बरंच लिहिलं गेलं. मी त्यात निवाडा देणार नाही. पण मेहतांच्या गटाने १९७७ मध्ये तुलनेचा प्रश्न कसा सोडवला होता, हे ज्यांनी आत्ता ऐकलं, त्यांना हा वाद समजायला मदत होईल.

'सगळं ठीक' या दोन शब्दांचा धोका

आता माझ्या मावशीकडे परत येऊ. 'काही नाही' हे ऐकून माणूस बिनधास्त होतो का? हा प्रश्न परदेशातही विचारला गेला. नॉर्वेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीला बोलावलेल्या पन्नाशीतल्या लोकांची राहणी तीन वर्षांनी पुन्हा विचारली. २००७ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना बोलावलं होतं, त्यांच्या राहणीत न बोलावलेल्यांपेक्षा कमी सुधारणा झाली होती. आरोग्याचा दाखला हातात पडला की माणूस थोडा सैल होतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे मावशी काही जगावेगळी नव्हती.

आणि उलटही झालंय. स्कॉटलंडमध्ये घरपोच येणाऱ्या चाचणीतून ज्यांच्या आतड्यात गाठी सापडल्या, ज्या कर्करोगाच्या नव्हत्या पण होऊ शकल्या असत्या, अशा ३२९ वजनदार लोकांना दोन गटांत विभागलं. एका गटाला नुसती पुस्तिका. दुसऱ्याकडे समुपदेशक तीनदा प्रत्यक्ष भेटला आणि वर्षभर अधूनमधून फोन करत राहिला. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी पाऊण किलोच्या आसपास उतरलं, दुसऱ्याचं साडेतीन किलो. हा अभ्यास २०१४ चा. पुढे त्याच देशात मॅमोग्राफीला आलेल्या ५६० बायकांसाठी स्वयंसेविका नेमल्या. तिथे फरक लहान निघाला, सव्वा किलोच्या आसपास. पण निघाला.

यातून काय दिसतं? तपासणीचं बोलावणं म्हणजे उघडलेलं दार आहे. त्या दारातून पुस्तिका सरकवली तर ती कोनाड्यात पडते. माणूस आत गेला, बसला, पुन्हा आला, तर काहीतरी बदलतं. आमच्या मेहतांनी हे १९७७ मध्येच करून दाखवलं होतं.

खरा सल्ला आणि खोटा सल्ला

इथे एक सावधगिरी. सगळ्या कर्करोगांना एकच उपदेश चालत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूच्या लागणीतून होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. पूर्वी बायकांना 'स्वच्छता ठेवत नाही म्हणून झालं' असं सांगितलं जायचं, अजूनही कुठेकुठे ऐकू येतं. तो सल्ला नव्हे, दोष देणं आहे. तिथे खरा सल्ला म्हणजे मुलींना लस आणि बायकांना वेळेवर तपासणी.

तोंडाच्या बाबतीत सल्ला अगदी स्पष्ट आहे: तंबाखू, आणि सुपारीसुद्धा. होय, नुसती सुपारीही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तिला कर्करोगजनक ठरवलं. 'मी तंबाखू नाही खात, फक्त सुपारी खातो' म्हणणारे इथे या सभागृहातही असतील. त्यांनी हे घरी घेऊन जावं. स्तनाच्या बाबतीत पाळी गेल्यानंतर वाढणारं वजन, दारू आणि हालचाल कमी असणं यांचा थोडा वाटा आहे. पण बारीक, निर्व्यसनी, रोज चालणारी बाईसुद्धा आजारी पडू शकते. तिला 'काय चुकलं तुझं' असं विचारायचं नाही.

कारण बोलण्याच्या सुरावर फार काही अवलंबून आहे. तपासणीला गेलं की बोलणी बसतात, असं गावात एकदा पसरलं की दुसऱ्या वेळी बायका येतच नाहीत. मशेरी लावणाऱ्या, आणि म्हणून ज्यांनी सगळ्यांत आधी यायला हवं, त्याच मागे राहतात.

आशाताईचा कागद

शेवटी आजचा काळ. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा आराखडा काढला. त्यात आशाताईने घरोघर जाऊन एक अर्ज भरायचा असतो. अर्जात काय विचारतात? वय किती. तंबाखू, गुटखा, विडी-सिगारेट आहे का. दारू रोज घेता का. कमरेचा घेर किती. आठवड्यात दीडशे मिनिटं शरीराची हालचाल होते का. घरात कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का. उत्तरांना गुण मिळतात. चारपेक्षा जास्त गुण झाले की त्या व्यक्तीला आधी तपासणीला पाठवायचं.

बघा, खानोलकरांच्या रीतिरिवाजांपासून, पुण्याच्या मशेरीपासून, एर्नाकुलमच्या विड्यापासून सगळा इतिहास या एका कागदावर येऊन बसलाय. सवय आणि बोलावणं एकाच पानावर. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण कागद आणि प्रत्यक्ष यांत अंतर आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं. गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या देशभरात १.९ टक्के, आणि तोंडाची ०.९ टक्के. शंभरात एकही धड नाही. आणि जिथे अर्ज भरला जातो, तिथे आशाताईच्या हातात लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, असे किती कागद असतात! ती विचारते, 'तंबाखू?' बाई म्हणते, 'मशेरी.' ती खूण करते आणि पुढचा प्रश्न विचारते. माझ्या मावशीच्या शिबिरात जे झालं, तेच पुन्हा होण्याचा धोका आहे. फरक इतकाच की आता त्याची नोंद राहील.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो मिळतो की नाही, हे तुम्हीच सांगा. माणसाला सवय सोड म्हणायचं आणि टपरीवर माळा लटकत ठेवायच्या, यात अर्थ नाही. सल्ल्याला कायद्याची साथ लागते. पण कायद्याची वाट बघत सल्ला थांबवायचा, यातही अर्थ नाही. तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण महाराष्ट्रात २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये २६.६ झालं. सावकाश, पण सवय बदलते.

मग काय करायचं? इतिहासाने दिलेलं उत्तर अगदी लहान आहे. जो तपासतो त्यानेच बोलावं. चट्टा असेल तर आरशात दाखवावा, नसेल तर 'आज काही नाही' असं म्हणावं, नुसतं 'काही नाही' म्हणू नये. त्या 'आज' शब्दात फार काही आहे. मग एक प्रश्न विचारावा: 'मशेरी कधीपासून लावता?' हा प्रश्न विचारताना सूर फौजदाराचा नको, घरच्या माणसाचा हवा. आणि पुन्हा भेटीची तारीख द्यावी आणि ती पाळावी. यातलं काहीही महाग नाही. लागतात ती पाच मिनिटं, आणि ती आशाताईला आणि डॉक्टरला मिळतील अशी व्यवस्था करणं हे सरकारचं आणि आपलं काम आहे.

मावशीचं ऑपरेशन झालं, ती वाचली. जबडा पूर्ण उघडत नाही, भात मऊ करून खाते. मशेरी तिने ऑपरेशनच्या आधीच्या रात्री सोडली. मी एकदा तिला विचारलं, 'मावशी, त्या शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं असतं तर सोडली असतीस का गं?' ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'काय माहीत बाबा. पण कुणी विचारलं तर असतं.'

आपल्या घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या ताईंमध्ये कुणी मशेरी, तंबाखू, गुटखा घेत असेल, तर या आठवड्यात त्यांना एवढंच विचारा: कधीपासून, आणि तोंड कधी दाखवलंय का. इथेच थांबतो.